दोराला ओरखडा नाही

त्या साली पाणी जमिनीत इतकं खोल दडून बसलं, की विहिरी खणणाऱ्यांना पाठ टेकायला सवड उरली नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आणखी दहा हात खाली जाऊ द्या. शेतवाले रडकुंडीला आले होते आणि टोळीवाले दिवस उगवायच्या आत रहाटाला तेल घालत होते.

टोळी सात माणसांची. एक मुकादम, एक सुरुंग भरणारा, दोघे दगड फोडणारे, रहाटाच्या दांड्यावर दोघी बायका, आणि फळीवर बसून दोरानं तळाला उतरणारा एक. या उतरणाऱ्याला सगळे घोरपड म्हणायचे. नुसत्या कातळालासुद्धा पंजे रोवून चिकटायचा म्हणून हे नाव पडलं, आणि त्याच्या बायकोचं आपोआप घोरपडीण झालं. तिचं माहेरचं नाव काय होतं हे आता तिलाच आठवून सांगावं लागलं असतं. दांड्याच्या एका टोकाला ती असायची, दुसऱ्या टोकाला तिची थोरली जाऊ. थोरलीचा नवरा म्हणजे दगड फोडणाऱ्यांपैकी एक. अशी सगळी घरचीच माणसं. आणि घरचं माणूस म्हणजे काय, हे ज्याला भोगावं लागलंय त्यालाच ठाऊक.

रहाटावरच्या बाईला खालचा माणूस दिसत नाही. तिला दोर कळतो. एक हिसका आला की थांब, दोन आले की वर ओढ. पण घोरपडीण वीस वर्षं दांडा धरून होती, तिला हिसक्यांपलीकडचंही कळायचं. नवरा खाली खोकला तरी तळव्याला समजायचं. फळीवर बसल्या बसल्या तो पाय हलवत असला की दांडा गुणगुणल्यासारखा व्हायचा. त्या दिवशी त्याचं पोट भरलेलं आहे हे ती ओळखायची.

या धंद्याचा एक नियम होता. विहिरीच्या तोंडाशी भीतीचं नाव काढायचं नाही. जो 'भ्यालो' म्हणाला त्याला पुन्हा दोर नाही. भ्यालेला माणूस खाली चुकतो, आणि त्याच्या चुकीनं वरचेही जातात, असं सगळे मानत. घोरपडीचे वडील, आबा, उमेदीत तीस वर्षं तळाला उतरलेले. दगडाची धूळ छातीत बसून आता नुसते धापा टाकत ओसरीवर पडलेले असायचे. पण तेवढ्या दमातही पोराला सांगायचे, "भीती सगळ्यांनाच वाटते. ती खालीच गिळायची. वर घेऊन यायची नाही."

तो दिवस उजाडला तो मुकादमाच्या शिव्यांनीच. आभाळ भरून येऊ लागलं होतं, आणि पाऊस पडायच्या आत पाणी लावून देतो असा शब्द तो शेतमालकाला देऊन बसला होता. साठ हात खाली गेलं तरी तळ कोरडा ठणठणीत. सुरुंग भरणाऱ्यानं चार भोकं भरली, चार वाती पेटवल्या आणि वर आला. सगळे लांब जाऊन बसले. आवाज आले ते तीन.

"चार वाती होत्या ना?" घोरपड म्हणाला.

"दोन एकदम उडाले," मुकादम म्हणाला. "कान साफ कर."

सुरुंग भरणाऱ्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. एक बार जरी दबून राहिला, तरी त्या दिवशी कुणी उतरायचं नाही, दुसऱ्या दिवशी बघायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण मुकादमापुढं शहाणपण कुणी चालवायचं? घोरपड फळीवर बसला. दोघींनी दांडा सोडत सोडत त्याला खाली घेतलं.

निम्म्यावर गेला आणि दोन हिसके आले. दोघींनी दांडा उलटा फिरवायला घेतला, तसा मुकादम ओरडला, "कुणी सांगितलं वर ओढायला?"

"दोन हिसके आले," घोरपडीण म्हणाली.

मुकादमानं पुढं होऊन दांड्यात अडसराची खुंटी ठोकली. रहाट जागच्या जागी थांबला. विहिरीतून नवऱ्याचा आवाज आला, "कोपऱ्यातली वात दिसतेय. अर्धीच जळलीय. आज नको, उद्या उतरतो."

"उद्या पाऊस पडला तर तुझा बाप उतरणार आहे का?"

"जिवाचा प्रश्न आहे, मुकादम."

"माझ्या शब्दाचा आहे."

कोयता रहाटाच्या खांबात रुतवून ठेवलेला असायचा. झुडपं तोडायला लागायचा, जुना दोर कापायला लागायचा. मुकादमानं तो उपटला. आडव्या तुळईवरून दोर ताणून खाली गेला होता, तिथं त्यानं धार टेकवली. दाबली नाही, नुसती टेकवली. मग विहिरीत वाकून अगदी शांतपणे विचारलं, "आता सांग. दोरानं जातोस की दोराशिवाय?"

मुकादम सोडून पाच माणसं वर उभी होती. पाचांपैकी एकही पुढं झालं नाही.  दांडा घोरपडीणीच्या मुठीत होता आणि दांडा थरथरत होता. आधी तिला वाटलं, आपलेच हात. तिनं एक हात काढून पाहिला, तो स्थिर होता. थरथर खालून येत होती. तीस हातांवर अधांतरी लटकलेल्या माणसाच्या अंगातून दोरात, दोरातून लाकडात आणि लाकडातून तिच्या तळव्यात. इतक्या वर्षांत तिनं असलं काही धरलं नव्हतं. कोयत्याच्या पात्यावर एक माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. 

"जातो," खालून आवाज आला.

मुकादमानं कोयता पुन्हा खांबात रुतवला आणि खुंटी काढली. "सोडा," तो बायकांना म्हणाला. त्यांनी सोडलं. हे तिनं केलं. आपल्या हातांनी दांडा फिरवून नवऱ्याला त्या वातीपाशी नेऊन पोचवलं. 

तो बार उडालाच नाही. दारूच खराब निघाली. घोरपडीनं संध्याकाळपर्यंत त्याच्या आजूबाजूचा दगड फोडला, पाट्या भरून वर पाठवल्या आणि दिवस कलताना वर आला. मुकादमानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, झालं काही? उगाच बायकांसारखा करत होतास." फोडणारे हसले. थोरलीही हसली.

घोरपड ढिगाऱ्यावर बसला आणि त्यानं रिकामी पाटी मांडीवर घेतली. उठेना. सगळे हात धुवायला निघाले तरी उठेना. घोरपडीण जवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं. विजारीवर वाळलेला मोठा डाग होता, वास होता. सकाळचा, दोरावरचा. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

तिनं प्यायच्या पाण्याची घागर उचलली आणि त्याच्या डोक्यावर पालथी केली. "चक्कर आली काय रे तुला? ऊन लागलंय नुसतं!" ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. तो नखशिखान्त भिजला. थोरली कातावली, "अगं, प्यायचं पाणी ते! सगळं ओतलंस?" घोरपडीण हसली आणि म्हणाली, "नवऱ्यापेक्षा पाणी मोठं आहे का?" लोकांना तो नवराबायकोचा लाडिकपणा वाटला.  घरी गेल्यावर तिनं विजार धुतली आणि वाळत घातली.

एवढ्यावर थांबलं असतं तर तिनंही गिळलं असतं. पण मुकादमाला चटक लागली. दुसऱ्या दिवसापासून घोरपड फळीवर बसला की तो खांबातला कोयता काढायचा, सपाट बाजूनं दोरावर दोनदा थोपटायचा आणि म्हणायचा, "काय घोरपड, दोरानं ना?" टोळी हसायची. घोरपडही हसायचा. हसताना त्याचे ओठ दातांना चिकटायचे. मग दिवसभर दांडा तिच्या तळव्यांना सांगत राहायचा.

तिच्या डोळ्यांदेखत माणूस वाळत गेला. चहाची कपबशी धरली की वाजायला लागायची, म्हणून तो चहा पेल्यात मागू लागला. जेवताना अर्ध्यावर उठायचा. विजारीची नाडी आता चार बोटं जास्त ओढावी लागायची. आबा विचारायचे, "पोराला काय झालंय?" ती म्हणायची, "ऊन बाधलंय." तिनं थोरलीपाशी विषय काढून पाहिला. थोरली म्हणाली, "गंमत करतो गं तो. हात तरी लावलाय का कधी?"

खरंच लावला नव्हता. तीच तर गोम होती.

एका सकाळी कामाला दांडी मारून ती एकटी चौकीवर गेली. बाकावर दोन तास बसल्यावर हवालदारानं हाक मारली.

"नवऱ्याला कुठं लागलं?"

"कुठं नाही."

"रक्त आलं?"

"नाही."

"दोर कापला?"

"नाही. कोयता टेकवला."

"दोराला ओरखडा?"

"ओरखडाही नाही."

हवालदारानं लेखणी खाली ठेवली. "बाई, मग झालं काय? त्यानं मारलं नाही, ढकललं नाही, दोर धडधाकट, नवरा धडधाकट. उद्या माझ्याकडं कुणी डोळे वटारून पाहिलं तर मीही फिर्याद लिहू?" शेजारचा शिपाई खुदकन हसला. ती हलली नाही. गावात तिला चिवट म्हणत ते उगाच नाही. दुपारी मोठे साहेब आले, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हवालदाराला म्हणाले, "लिही. हात लावायलाच लागतो असं नाही." एवढं एक वाक्य ऐकलं आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

घोरपड मात्र चिडला. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी काय तक्रार केली?" पण ती रोज त्याच्यापुढं फिर्यादीचा कागद धरत राहिली आणि एक दिवस, कोयत्याच्या थोपटण्यानंतर, त्यानं सही केली. त्याच दिवशी त्यांनी ती टोळी सोडली. दुसऱ्या एका मुकादमानं दोघांना घेतलं, कारण घोरपडीसारखा तळाला उतरणारा चार गावांत नव्हता. तो उतरत राहिला. दांडा थरथरत राहिला. पण कोयता समोर नव्हता आणि कुणाला काही माहीत नव्हतं, तेवढ्यावर तो तग धरून होता.

खटला उभा राहायला नऊ महिने गेले. सरकारी वकील तरुण होता आणि भला होता. त्यानं दोघांना झाडाखाली बसवून समजावलं. "हे बघा, कायदा सोपा आहे. आता हा आपल्याला इजा करणार असं समोरच्याला त्या क्षणी खरोखर वाटलं पाहिजे, आणि ते वाटावं म्हणूनच त्यानं केलेलं पाहिजे. मग स्पर्श झाला नाही तरी गुन्हा. पण 'वाटलं' हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी विचारीन, तुम्ही भ्यालात का? तुम्ही 'हो' म्हणायचं. बस, एक अक्षर."

घोरपडीनं मान डोलावली. घोरपडीणीनं त्याच्या मानेकडं पाहिलं. ती मान ती ओळखत होती.

न्यायालयाची खोली बुटकी होती, पंखा करकरत होता. मुकादमाबरोबर अख्खी जुनी टोळी आली होती. नवा मुकादमही मागं येऊन बसला होता, म्हणे सहजच. आबा काठी टेकत टेकत आले होते आणि दाराशी धाप लागून बसले होते. घोरपड पिंजऱ्यात उभा राहिला. कोयत्याचं सांगितलं, खुंटीचं सांगितलं, मुकादमाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग वकिलानं विचारलं, "त्या वेळी हा दोर कापेल असं तुम्हाला वाटलं का? तुम्ही भ्यालात का?"

घोरपडीनं एकदा बाकांकडं पाहिलं. एकदा बापाकडं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"नीट आठवा."

"आठवलं. मी तळाला उतरणारा माणूस आहे. भीत नसतो."

मुकादमाच्या वकिलाला काही विचारायची गरजच पडली नाही. त्यानं थोरलीला बोलावलं. ती म्हणाली, मी दांड्याकडं बघत होते, मला काही दिसलं नाही. पण नवराबायकोची त्या दिवशी मस्करीच चालली होती, संध्याकाळी हिनं त्याच्यावर घागरभर पाणीसुद्धा ओतलं, आम्ही सगळे हसलो. भ्यालेली माणसं असं करतात का?

मग घोरपडीणीला उभं केलं.

"तुमचा नवरा घाबरला होता?" सरकारी वकिलानं विचारलं, पण आशा सोडल्यासारखं.

"हो."

"कशावरून?"

"दोर थरथरत होता."

मुकादमाचा वकील उठला. "साहेब, आता दोराची साक्ष घ्यायची का?" खोलीत हसू पसरलं. "बाई, दोर वाऱ्यानंही हलतो. तुमचा नवरा स्वतः सांगतो भ्यालो नाही. त्याच्या मनातलं त्याला कळणार की तुम्हाला?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो तिच्याकडंच पाहत होता आणि मान अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, हलवत होता. नको. तिला दिसलं. तिला मुकादमही दिसला, पाय पसरून बसलेला, तोंडात काडी फिरवणारा. हा आत्ता सुटणार. सुटला की पुन्हा कोयता. इथं नाही तर दुसऱ्या विहिरीवर, याच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या दोरावर. आणि हा माझा माणूस वाळत वाळत एक दिवस दोरावरून सुटणार. आपण खरं सांगितलं तर तो वाचेल, असं तिला वाटलं. देवाशपथ, तिला तसंच वाटलं.

"त्याची विजार ओली झाली होती," ती म्हणाली.

"विहिरीतून वर आलेला माणूस भिजलेला असायचाच."

"विहिरीला पाणी लागलं नव्हतं, साहेब."

पंखा करकरत राहिला. वकिलानं हातातला कागद उलटला. "बरोबर. पाणी तर तुम्हीच ओतलंत. आत्ताच तुमच्या जावेनं सांगितलं."

"ओतलं. तो आधीच ओला झाला होता. दोरावर असतानाच. कुणाला कळू नये म्हणून ओतलं."

आधी कुणाला उमजलं नाही. मग मागच्या बाकावर एकानं नाकातून फुस्स केलं, आणि ते सगळ्या बाकांवरून फिरलं. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. नवा मुकादम उठून बाहेर गेला. घोरपड भिंतीकडं बघत उभा होता. त्याचे कान लालभडक झाले होते आणि दोन्ही हात त्यानं पुढं, विजारीवर धरले होते. नऊ महिन्यांनी, कोरडी ठणठणीत विजार असताना.

न्यायाधीशांनी निकाल वाचला. हात न लावता, जखम न करताही हल्ला होऊ शकतो. आरोपीनं शस्त्र दाखवून, आत्ता इजा होईल अशी धास्ती घातली. फिर्यादी ती नाकारतो, पण त्याच्या शरीरानं दिलेली साक्ष न्यायालयाला जास्त विश्वासार्ह वाटते. दोषी. पहिलाच गुन्हा म्हणून दंड आणि वर्षभर नीट वागण्याची हमी. मुकादमानं कागदावर सही केली, टोपी घातली आणि जेवायच्या वेळेला घरी पोचलासुद्धा.

सरकारी वकील खुशीत होता. "जिंकलात बाई. तुमच्यामुळं जिंकलो."  ती बाहेर आली तर घोरपड निघून गेला होता. आबा दाराशी बसले होते. तिनं उठवायला हात दिला, त्यांनी तो धरला नाही. धाप आवरत म्हणाले, "कोयता त्यानं टेकवला होता, पोरी. चालवला तू."

नव्या मुकादमानं दुसऱ्या दिवशी बोलावणं पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः गेली, तर म्हणाला, "तुझं काही नाही, तू ये दांड्यावर. पण त्याला मी खाली कसा सोडू? माणसं तयार होत नाहीत." रस्त्यानं घोरपड निघाला की कुणीतरी घागर लागेल का म्हणून विचारायचं. त्यानं रस्त्यानं जाणं सोडलं. तिच्याशी बोलणं सोडलं. भांडला असता, मारलं असतं, तरी तिला बरं वाटलं असतं. पण तो ताट पुढं आलं की जेवायचा आणि ताट बाजूला सारायचा. आबा त्यातच गेले. शेवटपर्यंत त्यांनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही, शेजारणीकडून मागून घेत.

आबांच्या मागं त्यांचा जुना रहाट घरात पडून होता. एका माळ्याला त्याच्या पडक्या विहिरीतला गाळ काढायचा होता. ते काम कुठली टोळी घेत नव्हती, म्हणून तो यांच्या दाराशी आला. घोरपडीणीनं लगेच हो म्हटलं. दोघांनी मिळून रहाट वाहून नेला, खांब रोवले, दोर ओवला. वाटेत तो म्हणाला, "खुंटी घट्ट बसव." इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तिला रडू आलं, ते तिनं पाठमोरं होऊन पुसलं.

घोरपड फळीवर बसला. पाय विहिरीत सोडले. पण काठ त्याच्या हातून सुटेना. तिनं वाट पाहिली. त्याची बोटं दगडावर पांढरी पडली होती, कपाळावर घाम डबडबला होता. लपवून ठेवलेली होती तोवर ती भीती घेऊन तो नऊ महिने उतरला होता. चव्हाट्यावर आली आणि ती त्याच्यापेक्षा मोठी झाली. तो मागं सरकला आणि काठावर हातपाय टेकून बसला. ऊन वर आलं, तरी तसाच.

तिनं कपडे खोचले आणि फळीवर जाऊन बसली. "दांडा धर," ती म्हणाली. "गाळच आहे. सुरुंग नाही, काही नाही."

त्यानं धरला. वीस वर्षांत त्यानं दांडा आणि तिनं फळी कधी धरली नव्हती.

खाली गार होतं आणि कुजका वास होता. पोटऱ्यांइतका चिखल. तिनं पाट्या भरल्या, हिसका दिला, पाट्या वर गेल्या, रिकाम्या होऊन खाली आल्या. दुपारपर्यंत खांदे भरून आले, तरी तिला वाटायला लागलं की जमेल. असंच जमेल, दोघांचं. मग ती फळीवर बसली आणि तिनं दोन हिसके दिले. ती वर जाऊ लागली. निम्म्यावर आली आणि रहाट थांबला.

तिनं वर पाहिलं. आभाळाच्या गोल तुकड्यात तिच्या नवऱ्याचं डोकं होतं, आणि थोड्या अंतरावर आणखी एक टोपी होती. कुणी काही बोलत नव्हतं. दोर तिच्या मुठीत होता आणि दोर थरथरायला लागला. तिनं एक हात सोडून पाहिला, तो स्थिर होता. थरथर वरून येत होती. ती ओळखीची होती.

तिच्या पायांखाली बराच खोल अंधार होता. तिनं डोळे मिटले. छाती अशी धडधडत होती की वरपर्यंत ऐकू जाईल असं तिला वाटलं. तिनं हाक मारली नाही. हाक मारली तर तो दांडा सोडेल, याची तिला खात्री होती.

बऱ्याच वेळानं दोर हलला. हात हात करत ती वर आली. जुना मुकादम काठापासून दहा पावलं मागं सरकून उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे पुढं करून तिला दाखवले, उलटसुलट करून दाखवले. "बघून ठेव बाई," तो म्हणाला. "काही टेकवलं नाही, काही बोललो नाही. विचार तुझ्या नवऱ्याला. रस्त्यानं चाललो होतो, उभा राहिलो." आणि तो बांधाबांधानं सावकाश निघून गेला. रोज हीच त्याची वाट होती, हे पुढं तिला कळलं.

घोरपडीनं दांड्यात खुंटी घातली. विजारीला तळवे पुसले. तिच्याकडं न पाहता, अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "भ्यालीस?"

 ती काठावर बसून पायांचा चिखल निपटत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली, प्यायच्या पाण्याची घागर तिच्यापाशी आणून ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला.